रेल्वेचं काम

प्रेम नगरातल्या रिछारियांच्या फाटकातून आत शिरल्यावर जनार्दनकाकांनी नमस्काराच्या आधी गाडीच्या बॉनेटला हात लावला. बॉनेट गार होतं. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

जुनी गाडी विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी इंजिन तापवून ठेवतो. मग ते पहिल्या झटक्यात सुरू होतं आणि गार इंजिनाला येणारा खोकला कुणाच्या कानावर पडत नाही. बॉनेट गरम लागलं असतं तर काकांनी पुतण्याला खूण करून फाटकातूनच परत फिरवलं असतं. पण गार? म्हणजे या माणसाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं, की म्हातारा आला की पहिला हात बॉनेटला लावील.

“गाड़ी सवेरे से छुई नहीं है,” हरगोविंद रिछारिया हात जोडत म्हणाले. “आप ठंडी में ही स्टार्ट करके देखिए.”

“देखेंगे. सब देखेंगे,” काका म्हणाले, आणि श्रीकृष्णाकडे वळून मराठीत पुटपुटले, “फारच शिकवून ठेवलेला दिसतोय.”

“काका, सुरू नका होऊन जाऊ आत्तापासून,” श्रीकृष्ण म्हणाला.

झाशीतल्या मराठी माणसाला ही एक सोय आहे. मराठी घरात देवापुढे आणि जेवताना बोलायची, आणि बाजारात दुकानदाराच्या तोंडावर त्याच्याबद्दल बोलायची. काका हिचा पुरेपूर उपयोग करत. सीपरी बाजारातल्या निम्म्या दुकानदारांना त्यांनी तोंडावर चोर म्हटलं होतं आणि त्यातल्या एकालाही ते कळलं नव्हतं.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी काका रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं तिथे वेल्डिंग केलं. कारखान्यात त्यांना ‘शक्की पंडित’ म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. निरोपाच्या समारंभात मिळालेल्या घड्याळाचं मागचं झाकण त्यांनी मांडवातच उघडून आतलं मशीन पाहून घेतलं होतं. कुठल्याही मराठी घरात जुनी स्कूटर, जीप, अगदी पाण्याची मोटर घ्यायची म्हटली तरी आधी दतिया गेटला जाऊन काकांना गाठायचं, अशी रीतच पडून गेली होती. काकांनी नाही म्हटलं की सौदा मोडला. ते हो म्हणाल्याचं मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

आज गिऱ्हाईक घरचंच होतं. श्रीकृष्ण त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा हा आठ वर्षांचा होता, आणि तेव्हापासून काका-काकूंच्याच घरात वाढला. आता टेलिफोन खात्यात इंजिनिअर झाला होता, पस्तिशीला आला होता, पण वेगाचं खूळ डोक्यातून गेलेलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायको त्याच्या मागे मोटारसायकलवर बसून ग्वाल्हेरला गेली आणि परत येताना बसने आली.

आणि आता ही गाडी. पंचावन्न सालची विलायती स्पोर्ट्स गाडी: लांब नाक, दोनच सीटा, कापडी छप्पर, तारांच्या स्पोकची चाकं. कंपनीचं नाव बॉनेटवर होतं, पण प्रेम नगरात लहानथोर तिला ‘रेसर’ म्हणत. रिछारियांचे वडील डॉक्टर होते. त्यांनी ती सत्तर साली कुठल्याशा जहागीरदाराकडून घेतली होती. डॉक्टर गेल्या पावसाळ्यात वारले आणि मुलाने गाडी विकायला काढली. श्रीकृष्णाने सहा वर्षं पैसे साठवले होते. पहाटे ग्वाल्हेर रोडवर हिला शंभरच्या पुढे न्यायची, हे तो महिनाभर येताजाता बोलत होता.

आदल्या संध्याकाळी अंबिका, त्याची बायको, गच्चीच्या लोखंडी जिन्यावर बसून वाटाणे सोलत होती. तो जिना काकांनीच जोडलेला. पहिल्या पायरीच्या कडेला त्यांचा नंबर ठोकलेला होता, ४४१७. कारखान्यात प्रत्येक वेल्डरला असा नंबर असतो. जोड घातला की शेजारी नंबर ठोकायचा, म्हणजे उद्या जोड तुटला तर कुणाला धरायचं ते साहेबाला कळतं. पस्तीस वर्षांत काकांच्या हाताला अशी सवय लागली होती, की घरची कढई जोडली तरी नंबर पडायचा.

“काका,” अंबिका म्हणाली, “त्या गाडीत एक तरी खोट काढा.”

“असली तर काढीन.”

“असेलच. चाळीस वर्षांच्या वरची आहे ती. मी त्यांना कितीदा सांगितलं. माझं नाही ऐकत. म्हणतात, काका नाही म्हणाले तर नाही घेणार.” ती वाटाण्यांकडेच बघत बोलत होती. “मला भीती वाटते काका. फोन वाजला तरी वाटते.”

काकांना तिची भीती पटत होती, कारण ती त्यांचीही होती. भावाला रस्त्यावरच मरण आलं होतं. “पण खोट खरी पाहिजे,” ते म्हणाले. “खोटी काढली तर त्याला कळेल. मग तो पुन्हा माझं काही ऐकणार नाही.”

म्हणून आज ते जय्यत तयारीने आले होते. पिशवीत छोटी हातोडी, टॉर्च, करवतीचं जुनं पातं आणि शकुंतलाकाकूंच्या फाटक्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक.

चुंबक पत्र्यावरून फिरवायला सुरुवात झाली. जिथे खरा पत्रा तिथे ते चिकटतं, जिथे गंज लपवायला पुट्टी भरलेली तिथे सुटतं. डाव्या मडगार्डच्या कोपऱ्यावर ते सुटलं. काकांचे डोळे चमकले. “इथे पुट्टी आहे,” ते मराठीत म्हणाले.

“वहाँ पुट्टी भरी है,” रिछारिया त्याच क्षणी म्हणाले. “अठासी में एक साँड ने सींग मार दिया था. हथेली बराबर जगह है.”

काकांनी मोजलं. तळहाताएवढीच जागा होती. त्यांनी संशयाने रिछारियांकडे पाहिलं. चाळिशीचा, सडपातळ, शाळामास्तरी चेहऱ्याचा माणूस. याला मराठी तर येत नसेल? काकांनी त्याच्याकडे न बघता मोठ्याने म्हटलं, “यांच्या सदऱ्याचं बटण तुटून लोंबतंय.” रिछारिया ढिम्म हलले नाहीत. सदऱ्याकडे बघितलंही नाही. म्हणजे मराठी येत नव्हती. मग हा मनुष्य एवढं खरं का बोलतोय, हे काकांना कळेना.

त्यांनी तेलाची कांडी काढून बोटावर तेल चोळलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे तेलात पाणी शिरत नव्हतं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. इंजिनावरचा नंबर आर. सी. बुकाशी जुळला. मीटर एक्केचाळीस हजार मैल दाखवत होतं, पण ब्रेकच्या पायट्याचं रबर त्यापेक्षा जास्त झिजलेलं होतं. काका तोंड उघडणार तोच रिछारिया म्हणाले, “मीटर दो साल बंद रहा था. दस हज़ार और जोड़ लीजिए.”

काका चाकांपाशी उकिडवे बसले आणि एकेका स्पोकवर हातोडी वाजवत गेले. धड स्पोक टणकन वाजतो, सैल झालेला बोदा. मागच्या डाव्या चाकात दोन बोदे निघाले.

“दो बदलने पड़ेंगे,” वरून आवाज आला. “हमने मिस्त्री से कहा था, उसके पास थे नहीं.”

काका चिडले. चोर असता तर पकडता आला असता. हा माणूस चोरीच्या सगळ्या जागा आपल्याच हाताने दाखवत सुटला होता. अशा माणसांची जात काकांनी पाहिली होती. दहा बारक्या खोडी आपण होऊन सांगायच्या, समोरच्याचा विश्वास बसवायचा, आणि अकरावी मोठी खोड त्या विश्वासाखाली दाबून टाकायची. “अकरावी आहे कुठेतरी,” ते श्रीकृष्णाला म्हणाले. “ती निघेपर्यंत मी इथून हलत नाही.”

“नसेल तर?”

“असतेच.”

मग इंजिन सुरू केलं. चोक ओढून, तिसऱ्या प्रयत्नात. आधी पांढरा धूर आला, तो दोन मिनिटांत विरला. निळा धूर, ज्याने इंजिन तेल खातं ते कळतं, तो आलाच नाही. काकांनी लक्ष देऊन ऐकलं. सहाही सिलिंडर सरळ, एका तालात चालत होते. श्रीकृष्ण बॉनेटवर हात ठेवून उभा होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता की काकांना आठ वर्षांचा पोर आठवला, पहिली सायकल दारात आली तेव्हाचा. त्यांना त्याची माया आली, आणि लगेच अंबिकेचे वाटाण्यांवर खिळलेले डोळे आठवले.

“आत बस,” ते म्हणाले. “बसून दार लाव.”

चालकाचं दार रिकाम्या गाडीत अलगद लागत होतं, हे त्यांनी येताक्षणी पाहून ठेवलं होतं. श्रीकृष्ण बसला आणि त्याने दार ओढलं. खालच्या कोपऱ्यात ते अडकलं.

“उतर.”

तो उतरला. दार अलगद लागलं.

“परत बस.”

परत अडकलं. काकांच्या अंगावर आनंदाने काटा आला. माणूस बसला की दार अडकतं, म्हणजे माणसाच्या वजनाने गाडीची कंबर वाकते. पाणी मुरत होतं ते इथे.

“हओ,” रिछारियांनी मान हलवली. इकडे होकाराला असंच म्हणतात. “पिताजी भी ज़रा उठाकर बंद करते थे. कब्ज़ा घिस गया है.”

काकांनी दार धरून वरखाली हलवलं. बिजागरी घट्ट होती. “कब्ज़ा ठीक है,” ते म्हणाले. पहिल्यांदाच आवाजात साखर आली. “रिछारियाजी, नीचे चेसिस में तो कुछ नहीं हुआ था कभी?”

“हुआ था. हमारे घर आने से पहले एक बार टूटी थी, दाहिनी तरफ़. पर उसकी चिंता मत कीजिए. वो तो रेलवे का काम है.”

काका हसले. सकाळपासून पहिल्यांदा, आणि मनापासून. झाशीत कुठलाही मिस्त्री कसलाही जोड खपवताना ‘रेलवे का काम’ म्हणतो. पानाच्या टपरीची तुटकी दांडीसुद्धा रेल्वेतूनच जोडून आणलेली असते. अकरावी खोड सापडली होती आणि ती थेट काकांच्याच दारात येऊन पडली होती. “सापडला,” ते श्रीकृष्णाला मराठीत म्हणाले. “आता बघ कसा उघडा पाडतो. रेल्वेचं म्हणे.” आणि हिंदीत, “किसने बताया आपको?”

“जिनसे गाड़ी ली, उनके ड्राइवर ने. रेलवे वाले का नंबर भी पड़ा है. पिताजी मानते थे उसको.” रिछारिया जरा लाजल्यासारखे हसले. “दशहरे पर गाड़ी की पूजा होती थी न, तो एक टीका बोनट पर, एक नीचे जाकर उस नंबर पर. हर साल. कहते थे, हम सब इसी के भरोसे बैठे हैं.”

डॉक्टरांनी पोर्चमध्ये गाडीखाली उतरायला खड्डा करून घेतला होता, वर दोन फळ्या टाकलेल्या. काका टॉर्च, हातोडी आणि पातं घेऊन खाली उतरले. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरले, पण चोर पकडायला निघालेल्या माणसाला गुडघ्यांची तमा नसते.

उजवा दांडा लगेच सापडला. चॅसीचा चौकोनी, पोकळ लोखंडी दांडा, चालकाच्या सीटच्या बरोबर खालून जाणारा. त्यावर डांबराचा लेप. आणि तळाच्या बाजूला, डांबर सोडून, वाळलेल्या कुंकवाचा जाड थर. एकावर एक सत्तावीस अठ्ठावीस दसऱ्यांचं कुंकू. काकांनी खड्ड्यात पडलेल्या रॉकेलच्या फडक्याने ते पुसलं. लाल चिखल बोटांवरून मनगटावर ओघळला. खालून आकडे वर आले.

४४१७.

पहिल्यांदा त्यांना संतापच आला. कुणीतरी माझा नंबर चोरला, हेच मनात आलं. जन्मभर दुसऱ्यावर संशय घेतलेल्या माणसाच्या मनात दुसरं काय येणार. मग त्यांनी टॉर्च जवळ नेला. दोन्ही इंग्रजी चारांची आडवी रेघ उजवीकडे अर्ध्यातच संपत होती. नंबर ठोकायच्या काकांच्या पंचातल्या चाराचा टवका उडालेला होता, पहिल्याच वर्षी. घरच्या जिन्यावरचे दोन्ही चार तसेच अर्धवट होते. असला चार साऱ्या झाशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

आणि मग ती दुपार आठवली. सहासष्ट साल, काका सव्वीस वर्षांचे. सीपरी बाजारातल्या एका शेडमध्ये एक गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली. लोकांनी गर्दी करू नये म्हणून ड्रायव्हरने वरून जमिनीपर्यंत ताडपत्री टाकलेली. गाडी कसली, कुठल्या रंगाची, हे काकांनी पाहिलंच नव्हतं. रविवारचं बाहेरचं काम होतं. ते सरपटत खाली गेले, तर दांडा चारही बाजूंनी तडकलेला. बरोबर काम करायचं तर वरचा सांगाडा उतरवून दांडा मोकळा करायला हवा, चारही बाजू जोडून वर पट्टी चढवायला हवी. तीन दिवसांचं काम. आणि त्या संध्याकाळी पाचच्या गाडीने त्यांना ग्वाल्हेरला मुलगी बघायला जायचं होतं. शकुंतलेला.

हात पोचत होता त्या दोन बाजू त्यांनी जोडल्या, तळाची आणि बाहेरची. वरची बाजू पत्र्याला चिकटलेली होती आणि आतल्या बाजूला सायलेन्सरचा नळ आडवा येत होता. तिथे त्यांनी फक्त डांबर फासलं. आणि मग, सवयीने, शेजारी नंबर ठोकला. ड्रायव्हरने विचारलं, “पक्का है न पंडितजी?” “पक्का है,” ते म्हणाले, आणि हात धुऊन स्टेशनकडे धावले. परत आल्यावर गाडी बोलावून नीट करू असं मनात होतं. परत आले तेव्हा लग्न ठरलेलं होतं आणि गाडी निघून गेली होती. पुढे ते विसरून गेले. खरं म्हणजे विसरले नव्हते, आठवण काढली नव्हती इतकंच.

त्यांनी दांड्याच्या आतल्या बाजूचं डांबर खरवडलं आणि करवतीचं पातं टेकवलं. पातं सरळ आत गेलं. बोटाचं एक पेर, मग दुसरं. हातोडी वाजवली तर दांडा बोदा वाजला.

वर रिछारिया श्रीकृष्णाला सांगत होते, “हम तीनों भाई-बहन सीटों के पीछे ठुँस के बैठते थे. पिताजी चालीस से ऊपर ले ही नहीं जाते थे. अम्मा कहती थीं, इससे तेज़ तो ताँगा जाता है.” दोघं हसले.

काका खड्ड्यात उभे राहून ऐकत होते. ही तीन पोरं. चाळीसच्या वर न जाणारा डॉक्टर होता म्हणून वाचली. त्याच्या जागी श्रीकृष्ण असता तर. एका माणसाने दरवर्षी या खड्ड्यात उतरून काकांच्या नंबराला कुंकू लावलं होतं. काकांना शरम वाटली, अशी की टॉर्च विझवून टाकावासा वाटला.

“काका,” श्रीकृष्ण फळ्यांमधून वाकून मराठीत म्हणाला, “नंबर दिसला? रेल्वेचाच आहे ना?”

सुटायला वाट होती. खाली एकट्यानेच पाहिलं होतं. ‘नंबर नकली आहे, माणूस लबाड आहे, चल,’ एवढं मराठीत म्हणायचा अवकाश, श्रीकृष्ण निमूटपणे चपला घालून निघाला असता. अंबिकेचं मागणं पुरं झालं असतं, पोराचा जीव सुरक्षित राहिला असता, काकांचं नावही राहिलं असतं. फक्त रिछारिया लबाड ठरले असते, आणि त्यांनी ही गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी वेगवेड्या पुतण्याला विकली असती.

काका वर आले. हात मनगटापर्यंत लाल झालेले होते.

“काय निघालं?” श्रीकृष्णाने विचारलं.

काकांनी उत्तर हिंदीत दिलं. पुतण्याशी ते कधी हिंदीत बोलत नसत. श्रीकृष्ण चमकून बघायला लागला.

“नंबर असली है,” ते म्हणाले. “रेलवे वाले का ही है. पर काम रेलवे का नहीं है, चोरी का है. चार में से दो तरफ़ जोड़ी है, दो तरफ़ डामर लगा के छोड़ दी है. रिछारियाजी, आप बेचिए मत इसको. चलाइए भी मत. आपके पिताजी धीरे चलाते थे, इसलिए अब तक बची है.”

रिछारियांचा चेहरा उतरला. “पर उस आदमी ने तो अपना नंबर डाला है. ग़लत काम पर कोई अपना नंबर डालता है?”

“आदत से डाल दिया,” काका म्हणाले. “मेरा नंबर है.”

रिछारियांनी काकांच्या लाल हातांकडे पाहिलं. मग नळाकडे बोट दाखवलं, साबण आणून दिला, आणि काका हात धूत असताना शेजारी टॉवेल धरून उभे राहिले. त्या टॉवेलने काकांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

“सांगाडा उतरवून मी नीट करून देईन,” काका घाईत मराठीतच बोलले आणि मग भान येऊन हिंदीत म्हणाले, “मैं ठीक कर दूँगा. पूरी खोल के. चारों तरफ़. पैसा नहीं लूँगा.”

“नहीं,” रिछारिया म्हणाले. आवाजात राग नव्हता. “बुरा मत मानिएगा. किसी और से करा लेंगे.” आणि थोडं थांबून, “पिताजी नहीं हैं, ये अच्छा ही हुआ.”

परतताना स्कूटरवर काका मागे बसले होते. श्रीकृष्णाने स्कूटर तीसच्या वर नेली नाही.

अंबिका दारातच उभी होती. श्रीकृष्णाचा चेहरा बघून तिने काकांना हळूच विचारलं, “सापडली खोट?”

“सापडली.”

“खरी?”

“खरी.”

ती सुटल्यासारखं हसली आणि वाळवण बघायला जिन्याकडे वळली. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच श्रीकृष्ण म्हणाला, “थांब जरा.”

तो जिन्यापाशी गेला. खाली बसला. ४४१७ वर त्याने अंगठा फिरवला, दोन्ही अर्धवट चारांवरून. मग मान वाकडी करून पायरीच्या मागे, अंधारात, जिथून कुणी कधी बघत नाही तिथे बघायला लागला. त्याची ती बसण्याची रीत, ते डोळे बारीक करणं, सगळं काकांचंच होतं. लहानपणापासून त्यांच्या मागे हिंडून शिकलेलं.

“काय झालं?” अंबिकेने विचारलं. “काकांनी जोडलेला आहे तो.”

श्रीकृष्ण वाकून दुसऱ्या पायरीच्या मागे बघायला लागला.

तो जिना त्यांनी आठ दिवस खपून जोडला होता. एकेका पायरीची एकेक बाजू, मागची, पुढची, वरची, खालची. या घरातली माणसं त्यावरून रोज चढतात, म्हणून. पक्कं आहे रे, असं म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण त्या ड्रायव्हरलाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

त्यांनी पिशवीतून टॉर्च आणि हातोडी काढली आणि श्रीकृष्णाच्या हातात दिली.

“वाजवून बघ,” ते म्हणाले. “प्रत्येक पायरी.”

आणि अंबिकेला हाताने मागे धरून, एकेक पायरी वाजत असताना, ते मान खाली घालून ऐकत उभे राहिले.